परदेशी डिजिटल पत्रकारिता प्रशिक्षण: जिल्हा वार्ताहराने अर्ज करावा का?

प्रश्न – माणदेशी वार्ताहर
मी अकरा वर्षे एका मराठी दैनिकासाठी दुष्काळी तालुक्यांतून वार्तांकन करीत आहे. आकडेवारीचे विश्लेषण, उपग्रहचित्रांचा वापर आणि ऑनलाइन पडताळणी शिकण्यासाठी परदेशी अभ्यासवृत्तीला अर्ज करावा, असे मनात आहे. मात्र माझे इंग्रजी कामापुरतेच आहे आणि अशा जागा महानगरांतील इंग्रजी पत्रकारांनाच मिळतात, असे सहकारी सांगतात. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – माजी वृत्तसंपादक
सर्व कार्यक्रम एका मापाने मोजू नयेत. हार्वर्डची नीमन अभ्यासवृत्ती १९३८ पासून आणि ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा पत्रकार कार्यक्रम १९८३ पासून चालत आला आहे. तेथे संगणकीय साधने शिकविण्यापेक्षा पत्रकाराला रोजच्या धावपळीतून बाहेर काढून एखाद्या प्रश्नाचा निवांत विचार करू देण्यावर भर असतो. अल्फ्रेड फ्रेंडली कार्यक्रमात मात्र प्रशिक्षणानंतर अमेरिकी वृत्तकक्षात प्रत्यक्ष काम करावे लागते. आपल्याला हवे आहे ते या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे. अर्जात ‘डिजिटल पत्रकारिता शिकायची आहे’ एवढेच लिहिणारे बहुधा मागे पडतात, असे माझे निरीक्षण आहे.

उत्तर – आकडेमोड
विमानाचे तिकीट नंतर पाहावे. टेक्सास विद्यापीठाचे नाइट सेंटर २०१२ पासून पत्रकारांसाठी सर्वांना खुले ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि त्यांतील बरेच विनामूल्य असतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रेही फुकट मिळतात. त्यांतला एक ठिपका जमिनीवरचे दहा मीटर दाखवतो. म्हणजे विहीर दिसणार नाही, पण पाझर तलावात मार्चमध्ये पाणी होते की नव्हते, हे बरेचदा कळते. टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदींशेजारी ही चित्रे ठेवून एक बातमी करा आणि तीच अर्जाला जोडा. भाषेचे म्हणाल तर २०१८ मध्ये गूगलने भारतात आठ हजार पत्रकारांच्या प्रशिक्षणाची योजना जाहीर केली, तेव्हा त्यातील भाषांत मराठीही होती.

उत्तर – परतलेला
मी असा एक कार्यक्रम केला आहे, म्हणून थोडी कडू बाजू मांडतो. तिथे तयार, स्वच्छ तक्त्यांवर सराव झाला. इथे आल्यावर हाती पडली ती तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधली यादी, जिच्यात एक शब्दही शोधता येईना. निम्मा वेळ मजकूर नव्याने टंकण्यातच गेला, आणि यावर कोणत्याही सत्रात चर्चा झाली नव्हती. तरीही गेल्याचा पश्चात्ताप नाही, कारण खरी कमाई सहाध्यायांची होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांत दडवलेल्या पैशांविषयीचे फुटलेले १ कोटी १५ लाख दस्तऐवज, अनेक देशांतील पत्रकारांनी वाटून घेऊन तपासले. असे काम करायचे तर सीमेपलीकडे विश्वासाचा माणूस आधीपासून असावा लागतो. मात्र परतल्यावर याच कामासाठी आठवड्यातून किती वेळ मिळेल, हे संपादकांकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्या.

माणदेशी वार्ताहर
सर्वांचे आभार. टँकरच्या नोंदी माझ्याकडे आहेत, पण हस्तलिखित. तलावांची चित्रे या आठवड्यात उतरवून घेतो. नोंदींतील गावांची नावे आणि नकाशावरील नावे जुळविताना अडलो, तर पुन्हा विचारीन.