पावसात स्टार्टरच्या पेटीला करंट उतरतो, उघडून पुसली तर चालेल का?

शेतवाट
मंडळी, विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटर आहे. पाऊस लागला की स्टार्टरच्या लोखंडी पेटीला झिणझिण्या येतात, उन्हाळ्यात काहीच नसतं. फ्यूज उडत नाही, मोटर व्यवस्थित चालते, अर्थिंगही केलेलं आहे. वायरमन आठवड्याने येतो म्हणतोय. तोवर पेटी पुसून मोटर चालवली तर?

तारजोड
नाही. पेटी उघडूही नका, मोटर चालवूही नका. मेनस्विचपण त्याच ओल्या भिंतीवर लोखंडी पेटीत असेल तर त्यालाही हात नको. १९१२ ला कळवा, लाईनमन डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लाईन काढेल. डीओ (डीपीवरचे वरचे फ्यूज) स्वतः काठीने पाडायला जाऊ नका, तिथे ११ हजार व्होल्ट असतात. मुलं आणि जनावरं शेडपासून लांब.

फ्यूज उडत नाही यात नवल नाही. अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम धरला तर २३० व्होल्टला फार तर ११-१२ अँपिअर वाहतील. मोटर सुरू होताना जास्त ओढते म्हणून फ्यूज त्याहून मोठा घातलेला असतो. तो जागचा हलत नाही आणि पेटी जिवंत राहते.

एक सांगा, शेडमधला बल्ब फेज आणि अर्थिंगवर जोडलाय का?

शेतवाट
हो दादा, तसाच आहे. न्यूट्रल शेडपर्यंत आणलेलाच नाही.

बोअरकडे
मग आधी संशय त्याच्यावर. अर्थिंगची तार खड्ड्यापाशी गंजून तुटली असेल तर बल्बमधून आलेला फेज थेट पेटीवर येतो. उन्हाळ्यात पायाखाली कोरडी जमीन आणि पायात चप्पल, म्हणून कळत नव्हतं. हा जुगाड गावोगाव दिसतो आणि तो काढायलाच हवा. दुसरं, केबल पेटीत वरून शिरते का बघायला सांगा. तसं असेल तर पाणी तिच्याच अंगाने टर्मिनलवर उतरतं. केबल खालून, ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या तोंडातून) घ्यायची आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवायचा, म्हणजे थेंब तिथेच गळतो.

तारजोड
वायरमन आला की पाऊस थांबलेला असावा, त्याच्या पायाखाली कोरडी फळी आणि पायात गमबूट. मेनस्विच बंद करून तिन्ही ग्रिप (फ्यूज असलेले काढते भाग) काढायच्या आणि स्वतःच्या खिशात ठेवायच्या. लाईट गेलीय म्हणून काम सुरू करायचं नाही, थ्री फेज नसताना सिंगल फेज कधीही येतो आणि ऑटो असेल तर लाईन येताच मोटर आपोआप उठते. कपॅसिटर असेल तर पाच मिनिटं थांबायचं, मग तोही मीटरने तपासायचा. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको, कोरड्या फळीवर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. मल्टिमीटर आधी चालू लाईनवर तपासून घ्यायचा, मग तिन्ही फेज एकमेकांशी आणि अर्थशी.

त्यानंतर मोटरची केबल स्टार्टरमधून सोडून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावायचा. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर लावायची नाही.

नवीन अर्थिंग करताना ४० एमएमचा अडीच मीटर जीआय पाइप, आणि मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या तारा, ८ गेज जीआय. एक तुटली तरी दुसरी राहते.

शेतवाट
आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवला तर?

बोअरकडे
बसवाच, मेनस्विचनंतर चार पोलचा, ३० मिलीअँपिअरचा. मात्र न्यूट्रल नसेल तर बहुतेकांचं टेस्ट बटण चालत नाही, त्यामुळे न्यूट्रल आणूनच घ्या. बल्बही मग त्यावरच. पावसात तो सारखा पडायला लागला तर काही जण १०० मिलीचा घालतात किंवा बायपास करतात, ते करू नका. १०० चा माणसाला वाचवण्यासाठी नाही. पडतोय म्हणजे केबल, जॉइंट किंवा मोटर गळतेय, मेगर लावून तेच शोधा. विहिरीच्या कठड्यावरचा टेप गुंडाळलेला जॉइंट सगळ्यात आधी बघा.