गिब्सन ईबी-३ मागे का पडली?

प्रश्न: १९६१ साली आलेली गिब्सन ईबी-३ ही बास गिटार ‘क्रीम’ या रॉक बँडच्या जॅक ब्रूस यांच्या हातात एवढी गाजली, तरीही आज बहुतेक वादक फेंडर कंपनीच्या बासकडेच का वळतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: मुख्य कारण पिकअपच्या, म्हणजे तारेची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाच्या, जागेत आहे. मानेलगत बसवलेला मोठा हमबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) तारेचा खोल, जाड नाद उचलतो, पण त्यात वरचे स्वरांश दबतात. त्यामुळे गिटार आणि ड्रमच्या गर्दीत नेमका कोणता सूर वाजला, हे स्पष्ट ऐकू येत नाही. शिवाय स्केलची, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची, लांबी ३०.५ इंच, म्हणजे फेंडरच्या ३४ इंचांपेक्षा बरीच कमी असल्याने तारांवर ताण कमी राहतो आणि सर्वांत जाड ई तार सैल वाटते.

उत्तर २: हे मान्य आहे, परंतु त्याला सरसकट दोष म्हणू नये. ब्रूस यांनी अॅम्प्लिफायर भरपूर चढवून जो खरखरीत, गाता बास वाजवला, त्याला हाच जाड नाद पोषक ठरला. लहान हातांच्या वादकांना आखूड मान फार सोयीची पडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ब्रिजजवळचा (तारा खालच्या टोकाला टेकतात त्या पट्टीजवळचा) छोटा पिकअप एकटाच वापरला तर?

उत्तर १: स्पष्टता येते, मात्र आवाज पातळ होतो. आधी राउंडवाउंड तारा (गोल तार गुंडाळलेल्या, अधिक खणखणीत वाजणाऱ्या) लावून पाहाव्यात.