‘प्रेयसीचा खून’ : दुसरा शब्द सुचवा

पळताभुई
मंडळी, अडलोय. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर. 2012 च्या लंडन ऑलिंपिकात दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस दोन्ही पायांना कार्बनची पाती लावून 400 मीटरच्या उपांत्य फेरीत पळाला, तेव्हा त्याचं कात्रण मी खेळाच्या सामानाच्या खोलीत चिकटवलं होतं. वर्गात एक पायानं अधू पोट्टा होता, त्याच्यासाठी. पुढच्याच वर्षी 14 फेब्रुवारीला पहाटे प्रिटोरियातल्या घरात पिस्टोरियसनं संडासाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत रीवा स्टीनकॅम्प होती. ती मेली. कात्रण काढावं की राहू द्यावं, या विचारात मी खटला पाहायला लागलो. 2014 च्या मार्चपासून तो टीव्हीवर थेट दाखवत. मार्चात आमची सकाळपाळी, आणि तिथलं कोर्ट बसायचं आपल्या दुपारी. त्यामुळे उन्हाळाभर घरात पंखा आणि खटला.

आता तालुक्याच्या साप्ताहिकासाठी त्यावर लेख लिहितोय. पहिल्याच वाक्यात ‘प्रेयसी’ लिहिलं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली : ‘तीन-साडेतीन महिन्यांची ओळख, प्रेयसी कसली? मैत्रीण लिहा.’ मैत्रीण लिहिलं, तर संपादक म्हणतात की वर्गातली वाटते. घरी आबाजींना विचारलं, ते म्हणाले, ‘त्याईचं जुळलं होतं, असं लिव नं बाबू.’ हे मला सगळ्यात बरोबर वाटतं. पण ‘जुळलं होतं’ याचं नाम कसं करू? शब्द द्या.

शुद्धमती
‘प्रेयसी’त काहीच गैर नाही, सर. मूळ प्रेयस्, म्हणजे ‘प्रिय’चं तरभावाचं रूप. कठोपनिषदात श्रेयस् आणि प्रेयस् ही जोडी येते, तेच हे. अधिक प्रिय ती प्रेयसी. महिने मोजायची अट व्याकरणात नाही.

तूरडाळ
‘अधिक प्रिय’ म्हणजे कोणापेक्षा अधिक, हे मग विचारावं लागेल. तिथूनच भांडणं सुरू होतात.

माझी अडचण वेगळी आहे. गेली कित्येक वर्षं पेपरात मी ‘प्रेयसी’ हा शब्द एकाच जागी वाचलाय, आणि तो ‘चा खून’च्या आधी. जिवंत बाईला कोणी प्रेयसी म्हणत नाही. जिवंत असते तेव्हा ती ‘गर्लफ्रेंड’, नाही तर गावच्या भाषेत ‘लफडं’. मेली की प्रेयसी. आणि ‘प्रियकर’ पाहा, तो कायम ‘च्या मदतीने पतीचा’ या शब्दांच्या मागे उभा.

मुठेकाठी
निरीक्षण छान, पण तो दोष मथळा लिहिणाऱ्याचा. शब्दाचा नाही.

स्टेनोकाकू
मी सत्र न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखिका होते, जिल्हा सांगत नाही. साक्षीत ‘प्रेयसी’ एकदाही टाइप केल्याचं आठवत नाही. ‘आरोपी व मयत यांच्यात प्रेमसंबंध होते’ असं यायचं. बाई ‘मयत’ आणि संबंध ‘प्रेम’. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकील सुचवणार आणि साक्षीदार नाकारणार, म्हणून कागदावर उतरायचं : ‘असे म्हणणे खरे नाही की, मयताचे व आरोपीचे प्रेमसंबंध नव्हते.’ दोन नकार पोटात घेऊन वाक्य उभं. पहिली दोन वर्षं मला घरी स्वयंपाक करतानाही वाक्यं तशीच सुचत. असे म्हणणे खरे नाही की, वरणात मीठ नाही.

सर, तुमच्या लेखात मुलीचं नाव आहे ना? मग विशेषण कशाला हवं?

पळताभुई
काकू, नाव आहे. पण आमच्या वाचकाला रीवा कोण हे पहिल्या ओळीत सांगावं लागेल. ती कायद्याची पदवीधर होती, मॉडेल होती. त्या वेळच्या आपल्याकडच्या बातम्यांत यातलं काही नसायचं. ‘पिस्टोरियसची प्रेयसी’, संपलं.

आणि दुसरी अडचण हीच की 2014 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती थोकोझिले मासिपा यांनी खुनातून सोडून ‘कल्पेबल होमिसाइड’साठी दोषी धरलं. मी ‘सदोष मनुष्यवध’ लिहिलं. आबाजींनी विचारलं, ‘मंग निर्दोष मनुष्यवध बी असते का?’

शुद्धमती
आबाजींना माझा नमस्कार! वध हा शब्दच मुळात चुकीचा घेतलाय. कीचकवध, कंसवध, अफझलखानाचा वध. वध दुष्टाचा होतो. निरपराध माणसाची हत्या होते. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. पापाचा वास ‘हत्या’ला आहे, ‘वधा’ला नाही. आणि ‘खून’ तर फारसी, अर्थ नुसता ‘रक्त’. हिंदीत अजून खून सांडतो, आपल्याकडे होतो. सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ दिले तसा इथंही कोणीतरी घडवायला हवा होता.

धुऱ्यावरून
ताई, आमच्या यवतमाळात ‘हत्या’ म्हटलं की कानात आधी ‘आत्म’ येते. एकटा शब्द ऐकूच येत नाही आता. खून झाला तर लोक ‘मर्डर’ म्हणतात. हत्या म्हणजे फवारा पेला, नाही तर गळफास. तुमच्या पापाच्या वासाचं मला नाही माहीत.

शुद्धमती
खरं आहे, दादा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुठेकाठी
भावना बाजूला ठेवून एक सांगतो. कायद्याच्या मराठीत मनुष्यवध हे जातीचं नाव आहे आणि खून ही त्यातली पोटजात. जुन्या दंड संहितेचं 299 सदोष मनुष्यवध, 300 खून. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत कलमांचे आकडे बदलले, शब्द तेच. संज्ञेला पुराणातला अर्थ लावत बसू नये.

तूरडाळ
आकडे बदलल्याचं आमच्या चावडीला कळवा. तिथं अजून ‘तीनशे दोन लागली’च चालतं. ‘एकशे तीन लागली’ म्हटलं तर लोक तापाची गोळी देतील.

स्टेनोकाकू
‘खून’वरून एक आठवलं. म्हाताऱ्या आईची साक्ष चालली होती, मुलीची साडी मुद्देमालात होती. वकिलांनी विचारलं, ही साडी तुमच्या मुलीचीच कशावरून? बाई म्हणाल्या, ‘पदराले जयल्याची खून हाय.’ साहेब नवे होते, कोल्हापूरकडचे. एकदम मान वर केली, ‘खून? कोणाचा खून?’ बाई घाबरल्या. त्यांना वाटलं आपण काही चुकीचं बोललो. आपल्याकडे ‘ण’ बोलतच नाहीत, पाणी ते पानी, खूण ती खून, आणि ‘ळ’चा ‘य’. मी हळूच म्हटलं, साहेब, जळल्याची खूण म्हणतात त्या. साहेब हसले नाहीत, चांगले होते. पण मला तेव्हापासून एक कळलं : इथं ‘ती खून’ आणि ‘तो खून’ हा फरक लिंगावर तोललेला आहे. ‘जयल्याची’ म्हणाल्या म्हणून वाचल्या.

तूरडाळ
काकू, हे सोनं आहे. मग ‘खुनशी’ कोणत्या खुनातला? आमचे एक मास्तर म्हणायचे की मनात खूण धरून ठेवतो तो खुनशी.

मुठेकाठी
छे. ‘खुन्नस’शी नातं आहे ते, खुणेशी नाही. आणि तो ‘ण’चा ‘न’ ही बोलीची लकब झाली, शब्दचर्चेचा मुद्दा नव्हे.

धुऱ्यावरून
लकब म्हणे. त्या मायची साक्ष उडाली असती त्या लकबीपायी.

पळताभुई
मंडळी, माझा लेख शुक्रवारी जाणार आहे. काकू, तेवढं सदोषाचं सांगा. बरोबर आहे का?

स्टेनोकाकू
नाही, सर, आणि हीच खरी मेख आहे. इंग्रजी शब्द दोन्हीकडे एकच, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ निष्काळजीपणानं जीव गेला, इतकाच. आपल्या ‘सदोष मनुष्यवधा’त मारायचा हेतू तरी लागतो, नाही तर मरण येऊ शकतं याची जाणीव तरी. आपल्या भाषेत त्यांचं ते जुन्या 304-अ च्या जवळचं, म्हणजे हयगय. ‘हयगयीने मृत्यू’ लिहा. सदोष लिहाल तर वाचणाऱ्याला वाटेल की मासिपाबाईंनी त्याला आहे त्याहून मोठा गुन्हेगार ठरवलं.

शुद्धमती
‘हयगय’ किती सुंदर शब्द! हय म्हणजे घोडा, गय म्हणजे सोडून देणं. घोडा मोकळा सोडला ती हयगय. पागेतला शब्द असावा.

मुठेकाठी
घोड्याची गोष्ट रंगवून सांगण्यासारखी, पण पुरावा? ‘गय करणे’ म्हणजे क्षमा करणे. संस्कृत हय आणि मराठी गय यांचा समास कोणी केला? ही नुसती जोडशब्दाची यमकं. टाळाटाळ, हयगय.

शुद्धमती
‘टाळाटाळ’ला यमक म्हणणाऱ्याकडून मी पुरावा मागून घेणार नाही.

पळताभुई
घोडा राहू द्या. खटला तिथं संपला नाही. पाच वर्षांची शिक्षा झाली. मग 3 डिसेंबर 2015 ला ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि खुनासाठी दोषी धरलं. त्याचं म्हणणं होतं, आत चोर शिरला असं वाटलं. न्यायालय म्हणालं, दारामागं कोणी का असेना, एवढ्याशा जागेत चार गोळ्या झाडल्या तर आतला माणूस मरू शकतो हे तुला कळत होतं, आणि तरी झाडल्यास. याला ते लॅटिनमध्ये ‘डोलस इव्हेंच्युअॅलिस’ म्हणतात. पुढं सहा वर्षं, आणि 2017 च्या नोव्हेंबरात ती वाढवून 13 वर्षं 5 महिने. 2024 च्या जानेवारीत पॅरोलवर सुटला. सगळं लिहिलं, या लॅटिनपाशी पेन थांबला.

शुद्धमती
संभाव्यफलस्वीकार.

तूरडाळ
ताई, हे साप्ताहिकात दोन ओळींत तोडून छापावं लागेल.

धुऱ्यावरून
सर, लॅटिन मले नाही समजत, पण गोष्ट समजली. मी आपल्या बोलीत सांगतो. आमच्या शिवारात एकानं हरभऱ्याले करंट लावला. झटका मशीन नाही, सीध्या तारावर आकडा. डुकरं लय मातले होते, रोही वेगळे. रातच्याले लाईन येते म्हनून शेजारचा पोट्टा ओलिताले गेला, धुऱ्यावरच चिकटला. हा म्हने, म्या डुकरासाठी लावला, मानसासाठी नायी. ठानेदारानं एकच इचारलं, ‘इथून रातच्याले मानूस जाते हे तुले माहीत होतं का नोतं?’ माहीत होतं. मंग? आमचे बुढे पारावर म्हने, यानं मारला नायी, पन ‘मरन त मरो’ म्हनून लावला. तुमचा तो पळनारा असंच म्हनला. चोर असन, मरन त मरो.

स्टेनोकाकू
एकतीस वर्षांत ‘जाणीव’ या शब्दावर तासन्‌तास युक्तिवाद ऐकले. इतकं नेमकं कोणी बोललं नाही. हेतू नाही, हयगयही नाही. मधलं.

मुठेकाठी
बोली म्हणून गोड आहे. लेखात मात्र ‘मरेल तर मरो ही वृत्ती’ असं प्रमाण रूप द्यावं.

धुऱ्यावरून
‘वृत्ती’ लावली की तो मानूस कविता करून राह्यला असं वाटते.

तूरडाळ
आणि एक, ‘वृत्ती’ म्हणजे स्वभाव. हा स्वभाव नाही, त्या घटकेचा हिशोब आहे. डुक्कर मरेल की माणूस, दोन्ही चालेल.

शुद्धमती
मी माझा शब्द मागे घेत नाही. परिभाषा तयार होताना सगळेच शब्द अवघड वाटतात. 1998 पासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, म्हणून निकालपत्रात ‘मरन त मरो’ लिहायचं का?

स्टेनोकाकू
साक्षीत लिहावंच लागतं, ताई. साक्षीदार जे बोलला ते.

तूरडाळ
सर, पहिल्या प्रश्नावर एक. तुम्हाला ‘जुळलं होतं’चं नाम हवंय, पण सांभाळून. आमच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला 3 फेब्रुवारी 2020 ला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यावर पेटवलं. आठवड्यानं ती गेली. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 ला, जन्मठेप झाली. पेपरांनी लिहिलं ‘एकतर्फी प्रेमातून’. तिचं काहीच जुळलेलं नव्हतं, तरी ‘प्रेम’ हा शब्द तिच्या मरणाला चिकटला. माझी पुतणी तेव्हा बारावीला होती. तिनं विचारलं, काका, एका तर्फेचं असेल तर त्याला प्रेम कशाला म्हणतात, त्याला दुसरा शब्द नाही का? मी अजून शोधतोय.

मुठेकाठी
‘आसक्ती’ आहे.

तूरडाळ
मथळ्यात नाही बसत. कमी जागेत काय बसतं यावर सगळं ठरतं, हे कळलंय मला.

शुद्धमती
‘हव्यास’?

धुऱ्यावरून
आमच्याकडे ‘पिसाट’ म्हनतात. पन ते मानसाले.

पळताभुई
आज अंक आला. आत ‘मरन त मरो’ तसंच छापलंय, अवतरणात. ‘हयगयीने मृत्यू’ही राहिलं. मी पहिलं वाक्य ‘रीवा स्टीनकॅम्प ही 29 वर्षांची कायद्याची पदवीधर’ असं केलं होतं, तेही आहे. मथळा संपादकांनी दिला : ‘प्रेयसीचा खून : धावपटूची कहाणी’.

स्टेनोकाकू
आणि ते कात्रण, सर?

पळताभुई
खोलीला दोन वर्षांपूर्वी चुना मारला, त्यात गेलं. तो पोट्टा आता पुसदला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं अंक वाचून फोन केला. म्हणाला, सर, ‘पाती’ नका लिहू, ब्लेडच म्हणतात.

मुठेकाठी
‘पाती’ योग्य आहे. गवताची, सुरीची, पंख्याची, सगळ्यांची पातीच.

शुद्धमती
पातं आणि पाती यात फरक आहे, आधी तो पाहा. आणि हयगयीचं राहिलंच.