मदत हवी आहे: जुनं एक्सपी मशीन नव्या कॉम्प्युटरच्या पोटात घालावं का?

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दोन-तीन ट्रस्टच्या पोथ्या, आणि दिवाळीआधी अंकांची घाई. नवीन काम सगळं युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं हल्लीचं मराठी टायपिंग) करतो. घोडं अडलंय ते जुन्यापाशी.

कोपऱ्यात एक पेंटियम ४ आहे. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर. त्याचं हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून लावायचा छोटा ठोकळा) मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं असतं. २००३ पासूनच्या अकराशेवर फायली त्यात आहेत. ट्रस्टवाले दर वर्षी येतात, "वहिनी, मागच्याच वर्षीचं, फक्त साल बदला," आणि मी ते मशीन चालू करते.

गेल्या गुरुवारी लाइट गेली (गुरुवार म्हटल्यावर पुणेकरांना वेगळं सांगायला नको) आणि आल्यावर मशीन उठेना. चौथ्यांदा बटण दाबल्यावर उठलं. झाकण काढलं तर मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. पासोड्या विठोबापाशी एक दुरुस्तीवाले काका आहेत, ते म्हणाले, "बदलून देतो, पण किती दिवस चालेल ते विचारू नका."

मुलगा म्हणतो, व्हर्च्युअलबॉक्स टाक, विंडोज ११ च्या आत एक्सपी चालेल. नाहीतर माझ्या एम१ मॅकबुकवर घे. मला यातलं फार कळत नाही. मशीन दुरुस्त करू, तसंच दुसरं जुनं शोधू, की हा आतल्या आत कॉम्प्युटरचा प्रकार करू? आणि लॉकचं काय? नव्या मशीनला ते पोर्टच नाही.

बोरूबहाद्दर:
मॅकचा नाद सोडा. इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स एक्सपीला खरा प्रोसेसरच वापरायला देतो, म्हणून वेग मिळतो. एम१ ची जातच वेगळी, एआरएम. तिथे एक्सपीची एकेक आज्ञा भाषांतर करून चालवावी लागते. हे खरं एम्युलेशन. यूटीएम नावाच्या सॉफ्टवेअरने होतं, आत क्यूईएमयू असतं, पण शंभर पानी पोथी त्यात सरकवायची म्हणजे लक्ष्मी रोडवरून चतुर्थीच्या दिवशी गाडी काढण्यासारखं आहे.

शाईचाडाग:
एकदाच काय ते युनिकोडमध्ये बदलून टाका ना सगळं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. किती वर्षं मढं सांभाळणार?

धागाकर्ती:
@शाईचाडाग, करून पाहिलं आहे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, मजकूर बाहेर काढला की नुसती रांगोळी. कन्व्हर्टरने बराचसा सुधारतो, पण 'दुसऱ्या'तला र आणि संस्कृत जोडाक्षरं हमखास फुटतात. श्रीसूक्ताचं प्रूफ परत कोण वाचणार? वाचणारे गुरुजी आता नाहीत.

पाचवामजला:
वहिनी, आधी दुरुस्ती-बिरुस्ती बाजूला ठेवा आणि मशीन उठतंय तोवर फायली दोन ठिकाणी कॉपी करा. आजच. बाकी सगळं नंतर.

आता लॉक. पॅरलल पोर्टचं, म्हणजे तुमच्या प्रिंटरच्या पोर्टातलं, लॉक व्हर्च्युअल मशीनला (म्हणजे आतल्या कॉम्प्युटरला) दाखवणं भरवशाचं नाही, आणि यूएसबीला लावायची जी पॅरलल केबल मिळते ती प्रिंटरपुरती असते, लॉकला सहसा चालत नाही. यूएसबी लॉक असतं तर सरळ आत देता आलं असतं. पण मला वेगळंच विचारायचंय. तुम्हाला लॉक टायपिंगला लागतं की छापायलाही? असले फॉन्ट पुष्कळदा साधे टीटीएफच (नेहमीच्या फॉन्टच्या फायली) असतात आणि लॉक फक्त कीबोर्डच्या प्रोग्रॅमवर पहारा देतं. मशीन बंद करून लॉक काढा, परत चालू करा, एक जुनी फाइल उघडा आणि काय होतं ते इथे लिहा. सगळा निर्णय त्यावर आहे.

धागाकर्ती:
केलं. हात थरथरत होते, पण केलं. सुरुवातीला "लॉक सापडत नाही" अशी पाटी आली. ती बंद करून २०१९ ची सत्यनारायणाची पोथी उघडली. जशीच्या तशी उघडली हो! प्रिंटही निघाली. मराठी टायपिंग तेवढं बंद. आणि गंमत म्हणजे आकडे साध्या आकड्यांच्या कीवरच आहेत, त्यामुळे साल लॉकशिवाय बदललं.

पाचवामजला:
मग तुमचं काम व्हर्च्युअल मशीनने भागेल. नवीन एक्सपी टाकण्यापेक्षा आहे त्याच हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी पूर्ण नक्कल, घ्या. ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीई कंट्रोलरवर (डिस्क जोडायची जुनी पद्धत) जोडा. साटावर (नवी पद्धत) जोडलीत तर निळा पडदा आणि शेवटी ७बी असा आकडा दिसेल. घाबरू नका, कंट्रोलर बदला. हार्डवेअर बदललेलं दिसल्यामुळे एक्सपी परत अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतं, म्हणून मूळ सीडी आणि की शोधून ठेवा. की मशीनबरोबर आलेली असेल तर तिची परवानगी त्याच मशीनपुरती असते, हेही बघा.

एक गिगाबाइट मेमरी त्याला पुष्कळ झाली. नेटवर्क पूर्ण बंद, त्या एक्सपीवरून इंटरनेटला जायचंच नाही. प्रिंटर आत जोडत बसू नका. डिस्टिलरने (पीडीएफ बनवायचा प्रोग्रॅम) पीडीएफ काढा, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाका, छपाई बाहेरून. सगळं नीट चालायला लागलं की स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर त्या स्थितीला परत जाता येईल.

शाईचाडाग:
आणि कोणी म्हणालं, "वहिनी, यंदा अध्यक्षांचं नाव बदललंय," तर?

धागाकर्ती:
तेवढी ओळ युनिकोडमध्ये टाइप करून उलट्या कन्व्हर्टरने जुन्या फॉन्टमध्ये आणेन. एका ओळीचं प्रूफ मी वाचू शकते. जास्त बदल असला तर पान नव्याने लावायचं आणि पैसेही नव्याने घ्यायचे.

फायली काल रात्री दोन डिस्कवर उतरवल्या, एक घरी नेली. इमेजचं मुलाला रविवारी करायला सांगितलं आहे. कपॅसिटर मात्र काकांकडून बदलून घेतेच आहे. इमेज पूर्ण होईपर्यंत तरी मशीनने दम धरायला हवा.