साप्ताहिकातली कादंबरी : आधी पूर्ण लिहावी की भागागणिक?

खानापूरकर : आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाने माझी कादंबरी क्रमशः छापण्याचे मान्य केले असून दर आठवड्याला सुमारे ८०० शब्दांची जागा मिळणार आहे. पहिली नऊ प्रकरणे तयार आहेत, पण शेवट अजून मनातच आहे. अशा स्थितीत सुरुवात करावी का?

जुना वाचक, निपाणी : करू नये, असे माझे मत आहे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः येत गेली खरी, परंतु ते साप्ताहिक त्यांचेच होते, एखाद्या प्रकरणाला किती जागा द्यायची आणि केव्हा थांबायचे, हे त्यांच्याच हाती होते. तुमचा मजकूर मात्र ऐन वेळी जाहिरात आली की पुढच्या अंकावर ढकलला जाईल. निदान कच्चा खर्डा शेवटापर्यंत न्या. पुस्तकाचे हक्क तुमच्याकडेच राहतील, हेही संपादकांकडून लेखी घ्या.

शहापूरची वाचक : मला हे पूर्णपणे पटत नाही. डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ १८३६ मध्ये महिन्याच्या भागांनी निघू लागले तेव्हा पहिल्या भागांना फारसा उठाव नव्हता. चौथ्या भागात सॅम वेलर हा नोकर आला, तो लोकांना भावला आणि पुढे खप ४०,००० प्रतींवर पोहोचला. सगळे आधीच पक्के करून ठेवले, तर अशा पात्राला वाढायला जागा कुठून मिळणार? सहा-सात भाग हाताशी ठेवावेत आणि शेवटाची दिशा ठरवून पुढचे मोकळे ठेवावे. प्रत्येक भाग रहस्यावरच तोडण्याचा अट्टाहास मात्र नको. तिसऱ्या आठवड्यातच वाचक त्या युक्तीला कंटाळतो. (आमच्याकडे तर अंक आधी शेजारी जातो आणि दोन दिवसांनी परत येतो, त्यामुळे मधला एखादा भाग हुकतोच. म्हणून आधीच्या भागातला धागा पहिल्या परिच्छेदातच, सहज बोलण्यातून आला पाहिजे. ‘मागील भागाचा सारांश’ अशी वेगळी चौकट कोणी वाचत नाही.)

खानापूरकर : दोघांचेही आभार. शेवटाचा खर्डा आधी करतो आणि तपशील मोकळे ठेवतो. संपादक आषाढात सुरुवात करू म्हणत होते, पण तेव्हा आमच्याकडे भाताच्या लावणीची घाई असते. दिवाळीनंतर, मळणी आटोपल्यावर सुरू करण्याची विनंती त्यांना करणार आहे.