सोसायटी ग्रुप : बिलावर अजून बाबांचंच नाव

बी-२०३ : सेक्रेटरी साहेब, बाबांना जाऊन चौदा महिने झाले. या महिन्याचं मेंटेनन्स बिलही त्यांच्याच नावाने आलंय. आई नाव वाचते आणि बिल पालथं करून ठेवते. आणखी किती अर्ज देऊ?

सेक्रेटरी : ताई, समजू शकतो. पण तुमच्या फाइलमध्ये नॉमिनेशन फॉर्मच नाही. ९६ पैकी ४१ फ्लॅटचे नाहीत. नोटीस तीनदा लावली.

ए-७०१ : लिफ्टमध्ये लावली. लिफ्ट बंद होती 😄

ए-४०४ : सोपं आहे. ज्याचं नाव नॉमिनेशनमध्ये, तो मालक. विषय संपला.

सी-१०२ : विषय तिथेच सुरू होतो काका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातलं कलम १५४ब-१३ बघा. नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, खरे हक्कदार ठरेपर्यंत. मालकी मृत्युपत्राने ठरते, ते नसेल तर वारसा कायद्याने.

ए-४०४ : २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. नॉमिनीच्याच नावावर करा म्हणून. फॉरवर्ड टाकतो.

सी-१०२ : तो पश्चिम बंगालच्या कायद्यावरचा. आणि बाकीच्या वारसांना आपला हक्क मागायला मोकळीक आहे, हेही त्याच निकालात आहे. फॉरवर्डमध्ये तेवढंच गळतं.

बी-५०१ : मृत्युपत्र वगैरे इतक्यात कशाला? मी ४९ चा आहे.

बी-५०१ (सौ.) : हेल्मेटबद्दलही हेच म्हणतात.

ए-७०१ : 😂😂

सी-३०४ : वकील साहेब, स्टॅम्प पेपर लागतो का हो?

सी-१०२ : नाही. साधा कागद चालतो, रजिस्ट्रेशनही ऐच्छिक. तुमची सही आणि दोन साक्षीदार, त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. ज्याला घर मिळणार त्याला साक्षीदार करू नका, उगाच संशयाला जागा. आणि साक्षीदार वयाने लहान बघा. माझ्या एका अशिलाचे दोन्ही साक्षीदार त्याच्याआधी गेले.

बी-५०१ : त्यापेक्षा मुलाला बक्षीसपत्रच करून द्यावं. २०० रुपये स्टॅम्प, काम तमाम.

सी-१०२ : स्थानिक अधिभार वेगळा. आणि काम तमाम कोणाचं ते बघा. मृत्युपत्र हयातीत कधीही फाडता येतं, बक्षीसपत्र झालं की घर गेलं. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहा, म्हणजे मुलाने सांभाळलं नाही तर ते रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार राहतो.

ए-४०४ : परत सांगतो. नॉमिनी म्हणजेच मालक.

ए-१०१ : माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची?

सेक्रेटरी : पार्किंगचं वेगळं बोलू. प्लीज.

ए-१०१ : गेल्या जनरल बॉडीतही वेगळंच बोलणार होतो.

बी-२०३ : बाबांचं मृत्युपत्र नाही. मग आम्ही काय करायचं?

सी-१०२ : घर त्यांच्या कमाईचं ना? मग हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही, भाऊ आणि आजी. चौघांचा सारखा वाटा.

बी-२०३ : आजीचा?

सी-१०२ : हो. मुलगा गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली, म्हणजे सगळ्यांत आधी हक्क असलेली वारस. वडील त्या वर्गात नाहीत. लोकांना हे नेमकं माहीत नसतं. तुम्ही तिघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून नोंदवून घ्या, तर एकटीच्या नावावर होईल.

बी-२०३ : आजी ८८ ची आहे. आधारलासुद्धा तिचा अंगठा उठला नव्हता. चार वेळा पुसून पुसून बघितला.

सी-१०२ : अर्ज केला तर नोंदणीला घरी येतात. कागद घेऊन संध्याकाळी या, आईंनाही आणा.

ए-४०४ : नॉमिनी = मालक. ज्यांना समजत नाही त्यांनी फॉरवर्ड वाचावा.

सी-६०३ : दादा, चौथ्यांदा टाकलंस. आईच्या फ्लॅटबद्दल म्हणतोयस ना? मग फोन कर, ग्रुपवर कशाला?

ए-४०४ : हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-७०१ : 🙊

सेक्रेटरी : कृपया घरचे विषय ग्रुपवर नकोत. नॉमिनेशन फॉर्म ऑफिसात आहेत, तीन प्रतींत भरून द्या. सर्वांच्या सहकार्याबद्दल धन्यवाद 🙏

बी-२०३ : आणि बिल?