प्रतिसाद: प्लगइन बदलल्यावर पॉडना आयपी न मिळणे

कुबर्नेटीसमध्ये नेटवर्क प्लगइन बदलल्यापासून नवे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) ‘कंटेनर क्रिएटिंग’वरच अडकतात, असं मूळ प्रश्नात आहे. त्यावर नोड (पॉड चालवणारं मशीन) पुन्हा उभा करायचा सल्ला आलाय. एवढं करायची गरज सहसा नसते.

आधी /ईटीसी/सीएनआय/नेट.डी ही प्लगइनच्या कॉन्फिग फाइलींची डिरेक्टरी उघडा. सीएनआय म्हणजे रनटाइम (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) आणि नेटवर्क प्लगइन यांच्यातला ठरलेला करार. रनटाइम साधारणपणे नावांच्या क्रमात पहिली येणारी फाइल उचलतो. जुन्या प्लगइनची ‘०५-’ने सुरू होणारी फाइल तिथे राहिली असेल, तर नवी ‘१०-’वाली वाचलीच जात नाही. जुनी फाइल त्या डिरेक्टरीतूनच हलवा.

ती जागा स्वच्छ असेल आणि आयपी वाटप होस्ट-लोकलकडे (नोडवरच पत्ते वाटणारं प्लगइन) असेल, तर /व्हार/लिब/सीएनआय/नेटवर्क्स पाहा. दिलेल्या प्रत्येक पत्त्याच्या नावाची एक फाइल असते, आत सँडबॉक्सचा (रनटाइम पॉडसाठी उभारतो ते वेगळं वातावरण) आयडी. नोड अचानक बंद पडला आणि ‘डेल’ (पत्ता परत घ्या) कमांड प्लगइनपर्यंत पोचलीच नाही, की या फाइली तशाच राहतात. /२४ च्या (२५६ पत्त्यांच्या) रेंजमध्ये नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि गेटवेचे पत्ते वगळून २५३ पत्ते. ते संपले की प्रत्येक ‘अ‍ॅड’ (पत्ता द्या) कमांड फसते. पण फाइली सरसकट पुसू नका, चालू पॉडचाच पत्ता दुसऱ्याला दिला जाईल. आयडी क्रिकटल या रनटाइम तपासायच्या साधनाच्या पॉड यादीशी ताडा, नसतील तेवढ्याच काढा. सीएनआय १.१ मधली ‘जीसी’ (बेवारस नोंदी साफ करणारी) कमांड नेमकी यासाठीच आणली आहे, मात्र रनटाइम आणि प्लगइन दोघांनाही ती यायला हवी.

आयपी मिळाला, पिंग जातो, पण मोठा डेटा अडकतो? प्लगइन व्हीएक्सलॅन (पॉडचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून पाठवायची पद्धत) वापरत असेल, तर ते प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट खातं. १५०० च्या लिंकवर पॉडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४५० ठेवा.